कोकमातलं घर

इफ्फतचं घर अंगठ्याएवढं होतं. काळं, चपटं, एका टोकाला भोक आणि भोकात ओवलेला दोरा. त्याला टोपणही होतं, पण ते तिच्या लेकीने, उमैमाने, फार पूर्वीच कुठेतरी पेरून टाकलं होतं.

तसं राहायला राजिवड्यात सासरचं चिऱ्याचं घर होतं. पुढे पडवी, मागे माड, माडांच्या फटींतून खाडी. पण त्या घरात इफ्फतची स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे कपाटाचा मधला कप्पा, आणि त्यातही पुढच्या बाजूला सासूच्या सांधेदुखीच्या बाटल्या. माहेरी, संगमेश्वरला, तिची एक खोली होती. लग्नानंतर तिथे आधी भावाचा कॉम्प्युटर आला, मग भावजयीचं शिवणयंत्र आलं, आणि आता इफ्फत माहेरपणाला गेली की त्या दोन यंत्रांच्या मधोमध तिची गादी पडायची. तिची तक्रार नव्हती. बी.एस्सी. झालेल्या बाईने गादीवरून तक्रार करू नये, असं तिचं मत होतं. मात्र ते मत ती दर वेळी गादीवर पडल्या पडल्या स्वतःला पुन्हा समजावून सांगायची.

घराचं खूळ डोक्यात घातलं ते विनीत सरांनी. मारुती मंदिराजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि इफ्फत सकाळी तिथे शिकवायला जायची, उमैमाला कडेवर घेऊन. सरांनी सगळ्या मशीनवर लिनक्स घातलं होतं. का, असं विचारलं की ते "फुकट मिळतं" म्हणायचे. पुन्हा विचारलं तर तासभर बोलायचे, म्हणून पुन्हा कोणी विचारत नसे. इफ्फतने विचारलं.

"मॅडम, लिनक्समध्ये प्रत्येक माणसाला एक घर मिळतं," सर म्हणाले. "तुमच्या फायली, फोटो, पडद्यावरचं चित्र, कुठली खिडकी कुठे उघडी ठेवून उठलात, सगळं त्या घरात राहतं. आणि ते घर मशीनमध्येच असलं पाहिजे असं नाही. पेनड्राइव्हवर ठेवा. जिथे जाल तिथे लावा. घर उघडेल."

त्या दिवशी इफ्फत रिक्षा न करता चालत घरी गेली, आणि घर मागे टाकून खाडीपर्यंत पोचल्यावर तिला आठवलं की उमैमाच्या जेवणाची वेळ टळून गेली आहे.

मग खरंच तसं होऊ लागलं. क्लासमधल्या खिडकीजवळच्या मशीनला लावा नाहीतर माहेरी तिने स्वतः लिनक्स घातलेल्या भावाच्या धुळकट मशीनला लावा, तेच घर उघडायचं. भाट्याच्या खाडीचं सकाळचं करडं पाणी मागे, डाव्या कोपऱ्यात घड्याळ, आणि काल अर्धवट सोडलेलं वाक्य जिथे सोडलं तिथेच, दारात उभं राहिल्यासारखं. जगात कुठेही गेलं तरी आपली खुर्ची आपण ठेवली तिथेच असेल, या विचाराने तिला मधूनच, भाकरी थापताना वगैरे, हसू यायचं. सासू म्हणायची, "काय गो, एकटीच हसतंस?"

त्या घरात एक खोली होती. फोल्डर म्हणायचं, पण इफ्फत मनात खोलीच म्हणायची. तिच्या दारावर तिने नाव लिहिलं होतं: 'जिब्रान आल्यावर'.

जिब्रान म्हणजे तिचा नवरा. उमैमाचं चाळिसाव्याचं न्हाण झालं आणि तो कुवेतला परत गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. त्या खोलीत इफ्फतने उमैमाचं सगळं मांडून ठेवलं होतं. पहिलं हसू, पहिले बोबडे शब्द, रांगण्याचे फोटो, क्लासच्या माइकवर पकडलेला प्रत्येक आवाज. हे सगळं ती त्याला पाठवून देऊ शकली असती. पण इंटरनेटला तेव्हा एक फोटो पाठवायला चहा उकळून निवेल इतका वेळ लागायचा. आणि खरं कारण निराळं होतं. तिला सगळं नीट लावून मग दाखवायचं होतं. पाहुणा यायच्या आधी आपण पडदे बदलतो, तसं. ती दर आठवड्याला क्रम बदलायची. आणि जिब्रान दर वर्षी रजा पुढे ढकलायचा.

ढकलायचा म्हणजे, साहेब विचारायचे, "जिब्रान, या वर्षी रजा पुढे ढकलतोस का?" आणि जिब्रान "हो" म्हणायचा. त्याला नाही म्हणता येत नसे. निकाहाच्या दिवशी काझीसाहेबांचा प्रश्न पुरता व्हायच्या आत त्याने 'कबूल है' म्हणून टाकलं होतं आणि काझीसाहेबांनी उरलेला प्रश्न केवळ रीत म्हणून पूर्ण केला होता.

तर, मे महिना. इफ्फत एका मुलीला बेरजेचा तक्ता समजावत होती. शेजारच्या मशीनला तिचं घर लावलेलं, उघडं. उमैमाने दोरा पाहिला, ओढला, आणि हातात आलेली वस्तू प्यायच्या पाण्याच्या तांब्यात सोडली. टुप्.

पडद्यावरची खाडी तशीच राहिली. फक्त माउस कितीही हलवला तरी तिच्यावर काही हलेना.

विनीत सरांचा चेहरा पांढरा पडला. "आता चार दिवस कशालाही लावू नका. पूर्ण सुकू दे."

सुकवायचं कसं, यावर राजिवड्यात मतांची कमतरता नव्हती. शेजारच्या तुळसाकाकू म्हणाल्या, "तांदळात पूर. तांदूळ पाणी खेचतं." समोरचे जैनुचाचा, म्हणजे जैनुद्दीन, उभा जन्म बोटींवर काढलेले. ते म्हणाले, "तांदूळ काय खेचतो? मीठ खेचतं. सुक्या बोंबलांत ठेव, वासही धरील आणि हरवायचंही नाही." इफ्फतने तांदळाची बाजू घेतली. पण सासू, रझियाबी, डब्यातून पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून बाहेर आली.

"तो चिंचोका तांदळात नको. उद्या कुणाच्या दाढेखाली गेला म्हंजे?"

उरलं ऊन. पण उघड्या अंगणात वस्तू ठेवली की कावळे उचलतात. इफ्फतने विचार केला, आणि तिचा विचार नेहमीप्रमाणे अगदी शास्त्रशुद्ध होता: कावळा कशाला शिवत नाही? अंगणात कोकमाची सोलं सुकत घातली होती, मीठ आणि रसाची पुटं दिलेली, काळीजांभळी. कावळा आंबटाला शिवत नाही. तिने पेनड्राइव्ह सोलांच्या सुपाच्या कडेला, कोपऱ्यात, नीट ठेवला. काळ्यात काळा. कावळ्यालाच काय, कुणालाच दिसला नसता.

तिसऱ्या दिवशी ती क्लासहून परत आली तर सूप पालथं.

"अम्मी, सोलं?"

"गेली कुवेतला," रझियाबी समाधानाने म्हणाली. चष्मा ती फक्त टीव्हीसाठी लावायची. "तुळसाकाकूंच्या पलीकडचा फहाद निघाला ना आज परत, जिब्रानच्याच कंपनीत. जिब्रानला दिली धाडून. एक किलो भरली बघ, काटा अगदी वर."

राजिवड्यातून कोणी आखातात निघालं की तो माणूस राहत नाही, टपाल होतो. ज्याचा ज्याचा मुलगा तिकडे, त्याच्या त्याच्या घरून काहीतरी जातं. सुके बोंबील, मसाला, आंब्याचं साठ, कोकम. जाणाऱ्याने नाही म्हणायची पद्धत नाही. त्याचे स्वतःचे कपडे शेवटी, उरलेल्या जागेत.

इफ्फतला पडवी जरा तिरकी झाल्यासारखी वाटली. तिने उमैमाला उचललं, रिक्षा थांबवली आणि म्हणाली, "हातखंबा." जैनुचाचा विचारल्याशिवाय पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले. आयुष्यात एकही बोट आपल्यामुळे चुकलेली नाही, हे त्यांनी वाटेत रिक्षावाल्याला तपशिलासह सांगितलं, त्यामुळे रिक्षावाला वळून वळून त्यांच्याकडे बघत रिक्षा सावकाश चालवू लागला.

हातखंब्याला, हमरस्त्यावर, मुंबईची बस नेहमीप्रमाणे चहासाठी हॉटेलपुढे उभी होती. फहाद खाली उतरून वडा खात होता. इफ्फतला पाहून त्याने वडा मागे लपवला, का ते त्यालाच माहीत.

"फहाद, आमच्या सोलांची पिशवी काढ. त्यात माझं... एक काळी वस्तू गेलीय, दोरा ओवलेली."

फहादचा चेहरा पडला. "भाभी, पिशव्या नाय राहिल्या."

"म्हणजे?"

"सहा घरची सोलं होती. सहा पिशव्या कुठं सांभाळू? सगळी एकत्र केली. वर प्लास्टिक, वर चिकटपट्टी, वर सुतळी, वर चादर शिवलीय आईनं. तिकडं पोचलो की सहा वाटे घालीन, सारखे."

"सारखे कसे?" जैनुचाचा गरजले. "आमच्या मेहुण्याकडनं दीड किलो होती!"

त्यावर वाद सुरू झाला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. इफ्फतने सामानाच्या कप्प्यात डोकावून पाहिलं. आत एक गाठोडं होतं, मोठं, चारखान्याच्या चादरीचं, चहूबाजूंनी शिवलेलं. त्याच्या मध्यावर कुठेतरी, आंबट अंधारात, तिची सकाळची खाडी होती. आणि उमैमाचं पहिलं हसू. तिने ओढून पाहिलं, ते गाठोडं हलेना. कप्पा बंद झाला.

"भाभी, फिकीर नको. शोधून देतो," फहाद पायरीवरून म्हणाला. बस गेली. त्याचा वडा जैनुचाचांच्या हातात राहिला होता. तो त्यांनी परतीच्या वाटेत खाल्ला.

परतताना इफ्फत एका विचाराने मात्र जरा सुखावली. पेनड्राइव्ह मिळाला म्हणजे जिब्रानला मिळणार. तो लावून बघेल. पडदे बदलायचे राहिले होते, पण बघेल तर खरं. असं मनाशी म्हणत ती क्लासला गेली आणि तिने विनीत सरांना सांगितलं.

सर खुर्चीवरून उठले. "तिकडे लिनक्स आहे का मशीनवर?"

"नसेल."

"मग ऐका. बाकीच्या जगातल्या मशीनला तुमचं घर वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हटल्यावर ती म्हणते, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? आणि माणसाने 'हो' म्हटलं, की सगळं पुसून कोरी पाटी."

 इफ्फतच्या डोळ्यांपुढे कुवेतचा एक पांढरा पडदा आला. त्यावर प्रश्न. समोर जिब्रान. आणि प्रश्न पुरता व्हायच्या आत...

"त्यांना फोन करा," सर म्हणाले.

घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. ती सोय बंद होती. इफ्फत टेलिफोनच्या कचेरीत गेली. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते.

"सोय सुरू करायला ग्राहकाची सही लागेल. ग्राहक कोण?"

"माझे मिस्टर. ते कुवेतला आहेत."

"मग त्यांची सही आणा."

"त्यांनाच फोन करायचाय."

"करा की," गृहस्थ म्हणाले. "आणि सही मागवून घ्या."

उमैमाने तेवढ्यात खिडकीतून हात घालून त्यांचा शिक्का उचलला आणि स्वतःच्या कपाळावर मारला. त्या दिवशी कचेरीत मंजूर झालेली ती एकच गोष्ट.

शेवटी बाजारातला फोनबूथ. काचेच्या खोक्यात इफ्फत, कडेवर शिक्कामोर्तब झालेली उमैमा, आणि दार अर्धं उघडं धरून जैनुचाचा. जिब्रानच्या कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या कामगारवस्तीत, एकच फोन होता आणि तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा, वॉचमन उचलायचा. त्याला हिंदी येत नव्हतं. इंग्रजी इफ्फत बोलली तेवढं त्याला पुरलं नाही.

"आण इकडं," चाचा म्हणाले. "आमची हयात अरबस्तानच्या बंदरांत गेली."

चाचांनी फोन घेतला. सलाम झाला. वॉचमनचा सलाम झाला. चाचांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, त्याच्या वडिलांच्या तब्येतीची केली, वडील वारले आहेत असं कळलं असावं, कारण चाचांचा चेहरा उतरला आणि त्यांनी दुआ केली. दुआ लांब होती. डोक्यावरच्या मीटरचे लाल आकडे पळत होते. त्यांच्याकडे पाहिलं की इफ्फतला घेरी येत होती, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

"चाचा, निरोप!"

"हां हां. काय सांगू?"

"सांगा, जिब्रानला कॉम्प्युटरने काही विचारलं तर नाही म्हणायचं."

 अरबस्तानच्या बंदरांत चाचांना कॉम्प्युटर कधी लागला नव्हता. मग त्यांनी निरोपातलं जेवढं येत होतं तेवढं दिलं. "जिब्रान," ते रिसीव्हरमध्ये ओरडले. "जिब्रान, ला! ला! कुल्लू ला!"

आणि फोन ठेवून म्हणाले, "झालं. 'ला' म्हंजे नाय."

"आणि कुल्लू?"

"कुल्लू म्हंजे सगळं," चाचा म्हणाले, "पण ता काय बिघडत नाय."

पुढचे दिवस इफ्फत शिकवत होती, भाकऱ्या करत होती, उमैमाचं नाक पुसत होती आणि मनाने कुठेच नव्हती. खाडीवर बसली की वाटायचं, पाणी तेच आहे, फक्त मागून कोणीतरी हळूहळू पुसत येतंय. रझियाबी तिला विचारायची, "कोकम पोचलं असल का गो?" आणि इफ्फतला त्या प्रश्नाचा राग येण्याऐवजी रडू यायचं.

शुक्रवारी जुम्म्यानंतर जिब्रानचा फोन आला. दर शुक्रवारी यायचा. या वेळी त्याचा आवाज निराळा होता, आजारातून उठलेल्या माणसासारखा, हलका.

"इफ्फत, काय निरोप धाडलास गो तू?"

"तू हो म्हणालास?" तिने विचारलं.

"तेच सांगतोय. वॉचमन खोलीवर आला, अगदी गंभीर. म्हणाला, घरून मोठ्या माणसाचा फोन होता, तुला 'नाही' सांगितलंय. मी म्हटलं, कशाला नाही? तो म्हणाला, सगळ्यालाच. मी म्हटलं, इफ्फत शिकलेली आहे, काही कारण असल. मग मी नाय म्हणायला लागलो. एकानं जादा पाळी करशील का विचारलं, नाय म्हटलं. एकाला माझी चादर पाहिजे होती, नाय म्हटलं. पयल्यांदा जीभ चिकटली, मग सुटली."

"आणि पेनड्राइव्ह?"

"तो कॅम्पातल्या आचाऱ्याच्या वाट्यात गेला. त्यानं कढीला सोलं भिजत घातली. एक सोल काय केल्या भिजेना. काढून बघतो तर दोरा. फहादनं ओळखला, मला दिला. मी ऑफिसात लावला. त्यानं विचारलं, फॉरमॅट करू? मी म्हटलं, नाय."

इफ्फतने भिंतीला पाठ टेकली.

"परत विचारलं. परत नाय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उपटून खिशात घातला. तेवढ्यात साहेब आले. म्हणाले, जिब्रान, या वर्षी रजा पुढं..."

फोनमध्ये नुसती खरखर आली. इफ्फतने रिसीव्हर कानावर दाबला.

"...नाय म्हटलं," तो म्हणाला. "तोंडातून गेलंच. साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, बरं, जा."

रझियाबी मागून विचारत होती, "कोकम विचार! कोकम पोचलं काय?"

पाऊस ओसरत आला तेव्हा जिब्रान आला. पेनड्राइव्ह त्याच्या शर्टाच्या खिशात, दोरा गळ्यात. उमैमाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आजीच्या मागे लपली. दोन दिवस तिथेच राहिली. तो तिला चॉकलेट दाखवायचा, ती चॉकलेट घ्यायची आणि माणूस परत करायची. इफ्फत म्हणाली, "क्लासला चल. तिथे सगळं आहे."

सगळे गेले. रझियाबीही गेली, बुरखा सावरून फिरत्या खुर्चीवर बसली आणि खुर्ची फिरल्यावर "या अल्ला" म्हणून टेबल धरून राहिली. विनीत सरांनी पेनड्राइव्ह रुमालाने पुसला, हुंगला, आणि लावला.

घर उघडलं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तांब्यात पडताना घर उघडंच राहिलं होतं. आत पडझड झाली होती. मशीन विचारत होती: इथे बिघाड आहे, दुरुस्त करू? हो की नाही?

सरांचा हात थांबला. "हो म्हटलं तर सुधारेल. बहुतेक. नाही म्हटलं तर उघडणारच नाही."

इफ्फतच्याने ते बटण दाबवेना. तिने जिब्रानकडे पाहिलं. तो पुढे झाला, बोट बटणावर ठेवलं, आणि तिला हळूच विचारलं,

"आता हो म्हणू?"

"म्हण."

त्याने हो म्हटलं. लगेच दुसरा प्रश्न आला. हो. तिसरा. हो. प्रश्न पावसासारखे येऊ लागले आणि जिब्रान, ज्याने सगळा उन्हाळा आणि पावसाळा नाही म्हणण्यात घालवला होता, सुटलाच. हो, हो, हो. असं मनापासून, न थकता, पुढचा प्रश्न वाचायच्या आत हो म्हणणारा माणूस सरांनी पाहिला नव्हता. "याला अंगची देणगी लागते," ते पुटपुटले.

मग पडदा क्षणभर काळा झाला. आणि त्यातून करडं पाणी वर आलं. भाट्याची खाडी. डावीकडे घड्याळ. अर्धवट सोडलेलं वाक्य, दारात उभं.

इफ्फतने 'जिब्रान आल्यावर' उघडलं. क्रम पार विस्कटला होता, पडदे काही बदललेले नव्हते. "थांब हं, जरा नीट लावते," ती म्हणाली, पण बोट आधीच पडलं होतं.

मशीनमधून एक लहान बाळ हसलं. उचकी लागल्यासारखं, दम लागेपर्यंत.

उमैमाने कान टवकारले. आजीला सोडून ती टेबलापाशी आली. पडद्याकडे तिने पाहिलंही नाही. बाळ हसतंय तर ते मागेच असणार, म्हणून ती वायरींच्या गुंत्यातून मशीनच्या मागे गेली. आणि जिब्रान गुडघ्यांवर येऊन तिच्यामागून गेला. त्यालाही ते बाळ पाहायचं होतं. मागून उमैमाचा आवाज आला, अगदी हळू, गुपित सांगितल्यासारखा: "बाळ कुठं?" आणि मग त्याचा: "शोधू या हां. तू तिकडनं बघ."

"कोकम मात्र कमी पोचलं," रझियाबी खुर्ची घट्ट धरून सरांना सांगत होती. "किलो दिलं होतं मी, काटा वर."

इफ्फत पडद्यासमोर बसून होती. दोन वर्षं तिने ती खोली समोरून पाहण्यासाठी लावली होती, आणि आता समोर ती एकटीच होती. दोघांना बोलावून आणावं, बसवावं, क्रमाने दाखवावं, असं तिला वाटायला हवं होतं. तिने ते हसू पुन्हा एकदा लावलं, खुर्ची सरकवली, आणि वायरी चुकवत स्वतःच मागे गेली.